पोळ्यांच्या कॅसरोलमधला बर्फ

प्रश्न : चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला आमच्याकडे पन्नासेक बायका येतात. घरचा बर्फ पांढुरका होतो. पाणी उकळून घेतलं तरी लादीसारखा काचेगत होत नाही. पन्ह्यात घातला की पन्हं पाणचट. सरळ बाजारातली लादीच आणू का?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : ताई, माझे वडील रत्नागिरीला मिरकरवाडा बंदरावर बर्फाच्या कारखान्यात होते. लादीचं कौतुक मला तुमच्याहून जास्त. पण तो बर्फ मासळीसाठी. महाराष्ट्रात 2018 पासून न खायच्या बर्फात निळा रंग घालायचा नियम आहे, तो उगाच नाही. आणायचीच तर खायच्या बर्फाची खात्री करूनच आणा.

लादी काचेगत का होते? मिठाच्या गार पाण्यात पत्र्याचे उंच डबे सोडतात आणि प्रत्येक डब्यात नळीने हवा बुडबुडत ठेवतात. बर्फ कडेकडून आत धरत जातो आणि पाण्यातली हवा, क्षार मधे ढकलतो. पाणी हलतं राहिल्याने हवा अडकत नाही. तरी लादी फोडलीत तर मधोमध पांढरी रेघ दिसतेच. तुमच्या ट्रेमध्ये पाणी चहूबाजूंनी गोठतं, हवेला पळायला वाट नाही. उकळून थोडी हवा जाते, पण निवताना परत विरघळते.

घरी करायचं तर आतून प्लॅस्टिकचा असलेला पोळ्यांचा कॅसरोल घ्या. दोन बोटं कमी भरा, झाकण न लावता फ्रीझरमध्ये ठेवा. थंडी फक्त वरून लागते, बर्फ वरून खाली धरतो. तळाशी थोडं पाणी उरलेलं असतानाच काढा. पूर्ण गोठू दिलंत तर खालचा भाग पांढरा होतो आणि फुगून कॅसरोलही तडकतो. आमच्याकडे एक तडकलाय. त्यात आता कांदे असतात. ढेप दहा मिनिटं बाहेर ठेवा, दातेरी सुरीने खाच पाडा, वर हलका ठोका द्या.

पाणचटपणाचा मात्र बर्फाच्या रंगाशी संबंध नाही. एक ग्रॅम बर्फ वितळताना 80 कॅलरी उष्णता घेतो. 32 अंशांचं 200 मिली पन्हं 5 अंशांवर आणायला साठेक ग्रॅम बर्फ विरघळावा लागतो, म्हणजे जवळजवळ अर्धी वाटी पाणी पन्ह्यात गेलंच. तेच पन्हं फ्रीजमध्ये 8 अंशांवर आलेलं असेल तर सात-आठ ग्रॅम पुरतो. तेव्हा आदल्या रात्री पन्हंच गार करा, बर्फ शोभेपुरता. पन्ह्याचेच खडे करा असं काही जणी सुचवतील. मला ते आवडत नाही, साखरेने ते भुसभुशीत होतात.

आणि साध्या ट्रेमध्ये बर्फ लावलात तर त्यावर झाकण ठेवा, नाहीतर त्याला फ्रीजमधला वास लागतो. एका वर्षी आमच्या पन्ह्याला सुकटाचा वास होता. बायका काही बोलल्या नाहीत, पण दुसरा ग्लास कुणीच घेतला नाही.