ट्रामाडॉलची सवय लागलेल्या भावाला गटात बसवून काय होणार?

तुमचा भाऊ अपघातानंतर ट्रामाडॉलच्या, म्हणजे दुखणं थांबवायच्या गोळ्यांच्या आहारी गेला, आता दवाखान्यात दाखल आहे. डॉक्टर व्यसन सोडणाऱ्यांच्या गटात बोलायला बस म्हणतात आणि तो म्हणतो, ‘दहा लोकांत बोलून तलफ जाते का?’

मराठवाड्यातल्या एका सरकारी रुग्णालयात मी समुपदेशक आहे, असे गट घेते. त्याचं एक बरोबर आहे, तलफ नुसत्या बोलण्यानं जात नाही. ट्रामाडॉल अफूच्याच जातीचं. म्हणून तर 2018 साली ते अमली पदार्थांच्या कायद्याखाली आणलं. गोळी तुटली की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी टर्की, म्हणजे गोळी सुटल्याचा त्रास, जोरात येते. नाक-डोळे वाहतात, पोटात मुरडा, हाडं ठणकतात, झोप नाही. तेव्हा औषधच लागतं. सुरुवातीच्या काळात एकाला मी दुसऱ्याच दिवशी गटात बसवलं होतं. घामानं निथळत, पोट धरून तो तासभर बसला आणि रात्री सही करून निघून गेला. ते मला अजून लागतं. आता अंग सावरल्याशिवाय मी कुणाला बोलावत नाही.

मग गट कशाला? गोळ्यांपायी माणूस घरात, डॉक्टरांशी, मेडिकलवाल्याशी इतकं खोटं बोललेला असतो की खरं बोलायचं त्याला सुचतच नाही. आमच्याकडं ऊसतोडीला जाणारे एक दादा होते. कंबर धरायची म्हणून गोळी सुरू झाली, ती राहिली. डोक्यावर टॉवेल घेऊन दाराशी बसायचे. चार दिवस शब्द नाही. पाचव्या दिवशी एका ट्रकड्रायव्हरनं विचारलं, “पाकिटं कुठं लपवायचास? मी तर ज्वारीच्या कणगीत.” यांनी टॉवेल मागं सारला. “कोयत्याच्या मुठीला चिंधी गुंडाळायचो, तिच्यात. बायकोनं कोयता धुवायला घेतला तवा घावलं.” मग वीस मिनिटं बोलत होते. मी चार दिवस फाईल घेऊन हेच विचारत होते.

भावाला कदाचित वेगळीच भीती असेल: गटात कुणी पाव्हण्यातलं निघालं तर? आपल्याकडं दोन तालुक्यांत नातं निघतंच. समुपदेशकाला आधीच सांगा, बसवताना आम्ही ते बघतो. इथलं बोलणं बाहेर न्यायचं नाही, हे रोज सुरुवातीला सगळ्यांकडून वदवून घेतो.

त्याला तलफ आणि टर्की आवरायला जिभेखाली ठेवायची ब्युप्रेनॉर्फिनची गोळी सुरू असेल तर ‘एक व्यसन सोडून दुसरं धरलं’ असं कुणालाही म्हणू देऊ नका. गटातही कुणी असं टोचून बोललं की मी तिथंच थांबवते. बीपीच्या गोळीला कुणी नावं ठेवतं का? ते औषध आहे, डॉक्टर सांगतील तितके महिने घ्यायचं, मनानं बंद करायचं नाही.

खरा धोका घरी आल्यावर. शरीराची पहिली सहनशक्ती उतरलेली असते. जुन्या हिशेबानं गोळ्या घेतल्या, त्यातून वर दारू असली, तर श्वास मंदावून माणूस जातो. उठवून उठत नसेल, ओठ निळे पडत असतील तर कुशीवर वळवा आणि 108 ला फोन करा. स्लिप झाली, म्हणजे पुन्हा गोळी घेतली, तर शिव्या न देता त्याच आठवड्यात गटाला परत आणा. आमच्याकडं सुट्टीनंतरही येता येतं, तुमच्या वॉर्डात तसं आहे का ते विचारून घ्या. मध्ये कधी अडलं तर 14446 हा व्यसनमुक्तीचा मोफत क्रमांक आहे. नातेवाइकांचा वेगळा गट असेल तर त्यात तुम्हीही बसा. वहिनींनाही घेऊन या.