इतवारीचं घर सुटतंय, आणि मला कुणी विचारलंच नाही

पत्र : "ताई, माझं वय 51. लग्न होऊन भंडाऱ्याकडून इतवारीतल्या या घरात आले, त्याला 28 वर्षं झाली. सासऱ्यांनी एम्प्रेस मिलच्या पगारातून बांधलेलं घर आहे. आता ते विकायचं ठरलं. दीर आपल्या वाट्यात वेगळं घेतील, आम्ही मनीष नगरला सहाव्या मजल्यावर जाणार. हे आणि मुलगा फ्लॅट बघूनही आले, मला मोबाइलवर फोटो दाखवले. सगळे म्हणतात, बदल स्वीकारायला शिका, माणूस त्यातूनच मोठा होतो. मला तर काहीच सुचून नाही राहिलं. भजनी मंडळ इथे, उन्हाळ्यात कुरडया घालायला येणाऱ्या बाया इथे. मी एकटी कधी बर्डीलाही गेली नाही. रात्री रडू येतं. मी मागासलेली आहे का?"
– एक वाचक, इतवारी, नागपूर

ताई,

नाही, अजिबात नाही. जिथे 28 वर्षं राबलात, लेकरं वाढवली, सासू-सासऱ्यांचं केलं, ते घर सोडताना रडू येणार नाही तर काय! तुम्ही भंडाऱ्याकडच्या, धानाची रोवणी तुम्हाला मी सांगायला नको. उपटून चिखलात लावलेला पऱ्हा पहिले काही दिवस पिवळा पडतो, मान टाकतो. म्हणून त्याला कुणी बोल लावतं का? बांधीत पाणी आहे की नाही तेवढं बघतात. तुम्हाला मात्र घरचे मान टाकायचीही सवड देत नाहीयेत, आणि हे मला मुळीच पटलेलं नाही.

"माणूस बदलातूनच मोठा होतो" हे मी अर्धंच मानते. तुमच्या सासऱ्यांची मिल 1877 मध्ये सुरू झाली आणि 2002 मध्ये बंद पडली. तोही बदलच होता. ज्यांच्या हाताशी दुसरं काम, थोडा पैसा किंवा आधाराची माणसं होती, ते सावरले. जे सावरले नाहीत, ते काही मनाने कोते नव्हते. बदलाने माणूस वाढतो तो त्यातलं काहीतरी त्याच्या स्वतःच्या हातात असेल तर. तुमचं पत्र मी पुन्हा पुन्हा वाचलं आणि मला त्यात घर सुटण्याच्या दुःखाइतकंच दुसरं एक दुःख दिसलं. तुम्हाला फोटो दाखवले, विचारलं नाही. या घरात आलात तेव्हाही ओटा, देवघर, पाण्याची टाकी सगळं आधीच ठरलेलं होतं. आता पुन्हा तेच होतंय.

म्हणून यजमानांशी बोला. "मला जायचं नाही" असं म्हणू नका, कारण घर विकायचं ठरलंच आहे आणि त्यावर भांडण झालं की बाकीचं सगळं राहून जाईल. "मला फ्लॅट बघायचा आहे, तोही दुपारी" असं म्हणा. नागपूरचा मे महिना सहाव्या मजल्यावर कसा जाईल, कूलर कुठल्या खिडकीला बसेल, पश्चिमेचं ऊन स्वयंपाकघरात येतं का, कुरडया वाळवायला गच्ची मोकळी मिळते का, हे त्या दोघांनी बघितलं नसेल. ते बायकांनाच सुचतं, कारण भोगावं त्यांनाच लागतं. काही खटकलं तर सांगा. इसारच दिला असेल तर अजून बरंच बदलता येतं.

आणि एक गोष्ट संकोच न करता विचारा : फ्लॅट कुणाच्या नावावर होणार? महाराष्ट्रात 1 एप्रिल 2021 पासून फक्त स्त्रीच्या नावाने घर घेतलं तर मुद्रांक शुल्कात 1 टक्का सूट मिळते. 50 लाखांच्या फ्लॅटवर हे 50 हजार रुपये होतात. असं घर 15 वर्षं पुरुषाला विकता येणार नाही ही अटही 2023 मध्ये काढून टाकली. नवरा-बायको दोघांच्या नावावर घेतलं तर ही सूट नाही. पण घाई करू नका. जुनं घर विकून आलेल्या नफ्यावर यजमानांना कर वाचवायचा असेल, तर नवं घर त्यांच्या नावावर नसल्याने त्यात अडचण येऊ शकते. तेव्हा आधी सीएकडे जा, आणि दोघं मिळून जा. समजा त्याने दोघांच्या नावाने घ्या असं सांगितलं आणि सूट गेली, तरी कागदावर तुमचं नाव असणं मला त्या 50 हजारांपेक्षा महत्त्वाचं वाटतं.

आता बर्डीचं. मनीष नगर म्हणजे परदेश वाटतोय तुम्हाला, कारण तिथून परत यायचं कसं हे ठाऊक नाही. डिसेंबर 2022 पासून मेट्रोच्या दोन्ही मार्गिका पूर्ण चालू आहेत. मनीष नगरहून रिक्षाने वर्धा रोडवरच्या उज्ज्वल नगर स्टेशनला यायचं, सीताबर्डीला गाडी बदलून प्रजापती नगरकडे जाणारी धरायची आणि अग्रसेन चौकात किंवा चितार ओळीला उतरायचं. भजनी मंडळ सोडायची काहीच गरज नाही. सामान हलवण्याच्या आधीच हा प्रवास करून बघा. पहिल्यांदा मंडळातली एखादी मैत्रीण बरोबर घ्या, दुसऱ्यांदा एकट्या जा. सरकत्या जिन्यावर साडीची भीती वाटली तर लिफ्ट असते, तिने जा, त्यात कमीपणा कसला? बर्डीला चुकीच्या फलाटावर गेलात तर तिथल्या कर्मचाऱ्याला विचारा. 51 व्या वर्षी एकटीने गाडी बदलून इतवारीत उतरलात, की पुढच्या वेळी भंडाऱ्याची बसही तुम्हीच विचाराल बघा.

"घरगुती व्यवसाय काढा, कुरडया विका" असं तुम्हाला पुष्कळजण सांगतील. मी सांगणार नाही. दुःखात असलेल्या बाईच्या हातात लगेच नवं काम द्यायची आपल्याकडे फार घाई असते. पहिला उन्हाळा नुसतं राहा तिथे. लिफ्टमध्ये भेटणाऱ्या बाईला नाव विचारा, ती कुठून आली ते विचारा. तीही महालातून किंवा सक्करदऱ्यातून घर सोडून आलेली निघायची शक्यता बरीच आहे. आणि जुन्या घरातली एक वस्तू, पाटा असो की देव्हारा, "नव्या घरात शोभणार नाही" असं मुलगा म्हणाला तरी घेऊन जा.

निघण्याआधी मंडळाला एकदा घरी बोलवा. पुडाची वडी करा, भजनं होऊ द्या, रडू आलं तर सगळ्यांसमोर रडा. पोळ्यानंतरची मारबतीची मिरवणूक दरवर्षी इतवारीतूनच निघेल आणि ती बघायला तुम्ही कुणाच्या माडीवर उभ्या राहणार, हे त्याच दिवशी ठरवून टाका.

सीए काय म्हणाला ते मला नक्की कळवा.

तुमची,
ताई