वाचकांचे प्रश्न : नोटेवरची शून्ये आणि जेवणाचा भाव

मागच्या अंकात या सदरात कमी खर्चातल्या परदेश सहलींविषयी लिहिले होते. त्यावर आलेल्या बहुतेक पत्रांचा रोख एकाच गोष्टीकडे होता : आपला रुपया कोणत्या देशात अधिक पुरतो? त्यांतील निवडक पत्रांना येथे उत्तरे दिली आहेत. विनिमय दर रोज हलतात. खाली जेथे वेगळे साल दिलेले नाही, तेथे 2025 च्या अखेरीचे दर हिशेबाला सोपे पडावेत म्हणून थोडे ढोबळ करून घेतले आहेत.

प्रश्न : आम्ही दोघे निवृत्त शिक्षक आहोत. व्हिएतनाममध्ये एका रुपयाला सुमारे 290 डाँग मिळतात, तर थायलंडच्या एका बाटसाठी आपल्यालाच पावणेतीन रुपयांहून अधिक मोजावे लागतात. रुपया जेथे इतका बलवान आहे, ते व्हिएतनाम आम्हांला पुष्कळ स्वस्त पडेल, असे मानावे का? (सातारा)

उत्तर : व्हिएतनाम जरूर निवडावे, परंतु या कारणासाठी निवडू नये. एका रुपयाला किती डाँग मिळतात हा आकडा त्या देशाच्या चलनाचे एकक केवढे लहान आहे एवढेच सांगतो. तेथील भाव त्यावरून कळत नाहीत. जपानचा येनही एका रुपयाला पावणेदोनच्या आसपास मिळतो, पण म्हणून कोणी टोकियोला साताऱ्याहून स्वस्त म्हणत नाही. हनोईत रस्त्याकडेच्या दुकानात ‘फो’ची, म्हणजे तांदळाच्या शेवया घातलेल्या सूपची, वाटी साधारण 60 हजार डाँगला मिळते, हे झाले 205 रुपये. बँकॉकच्या साध्या फूड कोर्टात भात आणि वर परतलेले काही, अशी ताटली 60-70 बाटला मिळते. हे झाले 170 ते 200 रुपये. एका ठिकाणी आकडा हजारांत आहे, दुसऱ्या ठिकाणी दोन अंकी आहे, आणि खिशातून जाणारे पैसे मात्र जवळजवळ सारखे आहेत. (शून्यांचा एक खरा धोका आहे तो असा की 20 हजार आणि 5 लाख डाँग या दोन्ही नोटा निळसर आहेत. पहिली सुमारे 68 रुपयांची आणि दुसरी सतराशे रुपयांची असल्याने अंधारात रिक्षावाल्याला पैसे देताना नोट उजेडात धरून पाहावी.)

एखादा देश स्वस्त वाटतो तो मुख्यतः तेथील मजुरीमुळे. जेवण रांधणे, खोली झाडणे, गाडी चालवणे, केस कापणे ही कामे आयात करता येत नाहीत, त्यामुळे त्यांचा भाव त्या गावच्या मजुरीवर ठरतो. उलट मोबाइल, पेट्रोल, परदेशी मद्य किंवा विमानाचे तिकीट यांच्या किमती जगभराच्या बाजारावर ठरतात आणि त्या गरीब देशातही फारशा उतरत नाहीत. म्हणून सहलीचा अंदाज मांडताना खर्चाचे हे दोन ढीग वेगळे करावेत. तुमच्या सहलीत पहिला ढीग जितका मोठा, तितका तुम्हांला स्थानिक स्वस्ताईचा लाभ अधिक.

दराची पातळी महत्त्वाची नसली तरी दरातला बदल महत्त्वाचा असतो, आणि थायलंडच्या बाबतीत तो सध्या आपल्या विरोधात गेला आहे. 2024 च्या मध्यावर एक बाट साधारण सव्वादोन रुपयांना होता. पुढच्या दीड वर्षात बाट वधारला, रुपया घसरला आणि ते दोन्ही बदल एकमेकांत मिळाले. तेव्हा 1,500 बाटची खोली सुमारे 3,400 रुपयांना पडत होती. हॉटेलवाल्याने भाव एका पैशाने वाढवला नसेल तरी तीच खोली आता 4,250 रुपयांच्या पुढे जाते. याच काळात डाँगही डॉलरच्या तुलनेत थोडा उतरला असल्याने व्हिएतनाममध्ये आपल्याला एवढी झळ बसलेली नाही.

आपण शाकाहारी आहात असे पत्रात लिहिले आहे, म्हणून आणखी एक सूचना करतो. परदेशात गेलेले मराठी कुटुंब दुसऱ्याच दिवशी भारतीय उपाहारगृह शोधू लागते आणि तेथे पनीरच्या भाजीला स्थानिक जेवणाच्या दुप्पट-तिप्पट पैसे देते. व्हिएतनाममध्ये ‘चाय’ अशी पाटी असलेली आणि थायलंडमध्ये पिवळ्या पताकेवर लाल अक्षर असलेली शाकाहारी भोजनालये बौद्ध परंपरेमुळे बऱ्याच शहरांत आढळतात आणि त्यांचे भाव स्थानिक माणसाला परवडतील असे असतात. इतर ठिकाणी मात्र भाजीतही माशाचा सॉस असतो, हे गृहीत धरून विचारावे.

प्रश्न : 2022 मध्ये श्रीलंकेचा रुपया कोसळला तेव्हा आता ही सहल निम्म्या खर्चात होईल असे सगळे सांगत होते. आम्ही गेल्या वर्षी गेलो, तर तसा काहीच अनुभव आला नाही. असे का व्हावे? (डोंबिवली)

उत्तर : कारण चलन पडले की थोड्याच काळात भाव चढतात, आणि चढलेले भाव सहसा मागे फिरत नाहीत. मार्च 2022 मध्ये श्रीलंकेने आपल्या चलनाचा दर मोकळा सोडला तेव्हा डॉलरला सुमारे 200 श्रीलंकन रुपये पडत होते. दोन-तीन महिन्यांत तो दर 360 पर्यंत गेला. एप्रिलमध्ये सरकारने परदेशी कर्जाची परतफेड थांबवत असल्याचे जाहीर केले. आपल्या एका रुपयाला आधी पावणेतीनच्या आसपास श्रीलंकन रुपये मिळत होते, ते साडेचारांच्या वर मिळू लागले. त्या काही आठवड्यांत जो पर्यटक तेथे होता त्याला स्वस्ताई खरोखरच लाभली, पण पंपावर पेट्रोल नव्हते, वीज तासन्‌तास जात होती, आणि अशा स्वस्ताईला सहल म्हणावे का, हाच प्रश्न होता. सप्टेंबर 2022 मध्ये तेथील महागाईचा वार्षिक दर 70 टक्क्यांजवळ पोहोचला. पुढे चलन सावरून डॉलरला 300 च्या आसपास आले आणि महागाईचा दरही खाली आला. परंतु महागाईचा दर खाली येणे याचा अर्थ किमती खाली येणे असा होत नाही, त्या फक्त सावकाश वाढू लागतात. आज आपल्या रुपयाला साडेतीनच्या जरा आत श्रीलंकन रुपये मिळतात. संकटापूर्वीपेक्षा हे जास्त आहेत खरे, पण वाढलेल्या भावांनी ती वाढ केव्हाच गिळली आहे.

दुसरे असे की पर्यटकाला लागणाऱ्या पुष्कळ गोष्टींचे भाव तेथे डॉलरमध्येच लावलेले असतात. सिगिरिया या प्राचीन खडकावरील किल्ल्याच्या प्रवेशाचे परदेशी पर्यटकांसाठीचे शुल्क डॉलरमध्ये ठरते. भारतासह सार्क (दक्षिण आशियाई) देशांच्या नागरिकांना त्यात सवलत असल्याने तिकीट घेताना पासपोर्ट जवळ ठेवावा. आपल्याकडे अजिंठ्याला भारतीयांना 40 रुपये आणि बहुतेक परदेशी पर्यटकांना 600 रुपये तिकीट आहे, तेव्हा या प्रथेविषयी आपण फार तक्रार करू शकत नाही. तुर्कस्तानात तर हा प्रकार आणखी उघडपणे दिसतो. 2021 च्या आरंभी डॉलरला साडेसात लिरा होते, आज ते चाळिसाच्या पुढे गेले आहेत. तरीही इस्तंबूलहून परतलेले लोक महागाईची तक्रार करतात, कारण स्थानिक भाव चलनाच्या मागोमाग चढले आणि तेथील आयासोफिया या प्रसिद्ध ऐतिहासिक मशिदीचे परदेशी पर्यटकांसाठीचे तिकीट जानेवारी 2024 पासून सरळ 25 युरो करण्यात आले. ‘चलन कोसळले, तिकिटे काढा’ असा सल्ला कोणी दिल्यास प्रथम त्या देशातली महागाई विचारावी.

प्रश्न : आमच्या घरी येणारे पाहुणे हल्ली हटकून म्हणतात, की गोव्यापेक्षा व्हिएतनाम स्वस्त पडते. हे खरे आहे का? (मडगाव)

उत्तर : मुक्काम मोठा असेल तर खरे असू शकते, शनिवार-रविवार जोडून केलेल्या सहलीपुरते मुळीच नाही. ही तुलना करणारे बहुधा नाताळातल्या गोव्याचा भाव आणि व्हिएतनाममधील दा नांग या किनारी शहराचा बिगरहंगामी भाव शेजारी ठेवतात, आणि ते अन्यायाचे आहे. तरीही त्यांच्या म्हणण्यात तथ्याचा एक भाग आहे. व्हिएतनामचे दरडोई उत्पन्न भारताहून अधिक आहे, म्हणजे तेथील खोल्या गरिबीमुळे स्वस्त नाहीत. दा नांगच्या किनाऱ्यालगत हॉटेले एवढी उभी राहिली आहेत की मधल्या दर्जाच्या खोलीसाठी त्यांच्यात चढाओढ असते. शिवाय अ‍ॅपवरून बोलावलेल्या गाडीचे भाडे तेथे बसण्याआधीच कळते. गोव्यातल्या टॅक्सीच्या भाड्याविषयी मडगावकरांना मी वेगळे काय सांगणार?

हिशेब मात्र असा करावा. विमानाचे भाडे आणि व्हिसा हा एकदाच होणारा खर्च आहे. व्हिएतनामच्या एका प्रवेशाच्या ई-व्हिसाचे शुल्क 25 डॉलर, म्हणजे चौघांच्या कुटुंबाला 9,000 रुपये. हा खर्च तीन दिवसांवर वाटला तर रोजची बचत त्यात बुडून जाते, आणि दहा दिवसांवर वाटला तर वर येते. मुंबई-पुण्याच्या माणसाला गोव्यासाठी कोकण रेल्वे आहे, स्वतःची गाडी आहे. तो लाभ कोणत्याही विनिमय दराने भरून निघत नाही.

प्रश्न : येन घसरला आहे, तर जपानला जाण्याची हीच वेळ आहे का? (नागपूर)

उत्तर : बहुतांशी होय. 2012 च्या सुमारास एक येन सत्तर पैशांच्या जवळ होता. जून 2024 मध्ये येन डॉलरच्या तुलनेत कित्येक दशकांच्या नीचांकाला गेला तेव्हा तो बावन्न पैशांवर आला आणि आता सत्तावन्न-अठ्ठावन्न पैशांना आहे. रुपया स्वतः त्या काळात बराच घसरला असूनही येन त्याहून अधिक घसरला. शिवाय जपानमध्ये अनेक वर्षे भाव जवळजवळ हललेच नव्हते, त्यामुळे श्रीलंकेत किंवा तुर्कस्तानात झाले तसे येथे झाले नाही; चलन पडले आणि भाव मागे राहिले. ग्युदोनची, म्हणजे भातावर शिजवलेले गोमांस घातलेली, वाटी अजूनही साधारण पाचशे येनला, म्हणजे तीनशे रुपयांच्या आत मिळते, आणि मुंबईच्या मॉलमधील जेवणापेक्षा हे महाग नाही.

पण जेथे गिऱ्हाईक प्रामुख्याने परदेशी आहे, तेथे विक्रेत्याने दरातला फरक स्वतःकडे वळवून घेतला आहे. परदेशी पर्यटकांसाठीचा सात दिवसांचा जेआर (जपान रेल्वे) पास ऑक्टोबर 2023 मध्ये 29,650 येनवरून एकदम 50,000 येनवर नेण्यात आला. टोकियो-क्योतो हे शिंकान्सेनचे, म्हणजे बुलेट ट्रेनचे, जाण्यायेण्याचे भाडे पासाच्या नव्या किमतीच्या बरेच आत बसते, म्हणून केवळ ही दोन शहरे पाहायची असल्यास सुटी तिकिटेच काढावीत. जुन्या माहितीपुस्तकांतला ‘आधी पास घ्या’ हा सल्ला आता सरसकट लागू पडत नाही. 2024 मध्ये तीन कोटी साठ लाखांहून अधिक परदेशी पाहुणे जपानला गेले, आणि क्योतोतल्या हॉटेलांच्या भावांवर त्याची छाया स्पष्ट दिसते; साकुराचा, म्हणजे चेरीच्या फुलांचा, हंगाम टाळणे हे येनच्या घसरणीइतकेच पैसे वाचवणारे आहे.

प्रश्न : दुबईला दहा-बारा वर्षांपूर्वी गेलो होतो, तेव्हा इतके महाग वाटले नव्हते. (पुणे)

उत्तर : दिऱ्हाम 1997 पासून डॉलरला 3.6725 या दराने बांधलेला आहे, त्यामुळे रुपया डॉलरपुढे जेवढा उतरतो तेवढाच दिऱ्हामपुढे उतरतो. डॉलर 60 रुपयांना होता तेव्हा दिऱ्हाम 16 रुपये 35 पैशांना पडत होता. डॉलर 90 ला गेला तेव्हा दिऱ्हाम साडेचोवीस रुपयांचा झाला. दुबईने काहीही महाग केले नाही असे धरले तरी आपला खर्च दीडपट होतो. तेथे नोकरी करणाऱ्या नातेवाइकांना हेच गणित उलट बाजूने लाभते, म्हणून त्यांच्या ‘काही महाग नाही’ या बोलण्यावर विसंबू नये.

प्रश्न : नेपाळचा दर केव्हा अनुकूल असेल? (कोल्हापूर)

उत्तर : भारताच्या एका रुपयाला नेपाळचे 1.60 रुपये हा दर 1993 पासून स्थिर आहे, तेव्हा वाट पाहण्याचे कारण नाही. भूतानचे चलन तर आपल्या रुपयाच्या बरोबरीचे आहे. तेथे हिशेबात धरायचे ते भारतीयांकडून दर रात्री माणशी घेतले जाणारे 1,200 रुपयांचे शुल्क.

प्रश्न : पैसे रोख न्यावेत की कार्डाने द्यावेत, आणि चलन केव्हा विकत घ्यावे? सहल कंपनीने काही रक्कम डॉलरमध्ये सांगितली आहे, तीही समजत नाही. (छत्रपती संभाजीनगर)

उत्तर : शेवटच्या शंकेपासून सुरुवात करतो. पॅकेजचा काही भाग रुपयांत आणि काही डॉलरमध्ये सांगितला असेल, तर डॉलरच्या भागाला कोणत्या दिवसाचा दर लागेल हे नोंदणीच्या अर्जावर पाहावे. सहल कंपन्या त्याला ‘आरओई’ (रेट ऑफ एक्स्चेंज, म्हणजे विनिमय दर) म्हणतात. बहुधा तो पैसे भरण्याच्या दिवसाचा असतो. म्हणजे नोंदणीपासून पैसे भरेपर्यंतची दरवाढ तुमच्या माथी येते. कंपनी तयार असेल तर डॉलरचा भाग दोन-तीन हप्त्यांत भरावा. दर कधी पडेल याचा अंदाज बँकांनाही नेमका येत नाही, आपण तो बांधत बसू नये. पॅकेजवर कापलेला टीसीएस, म्हणजे विक्रेत्याने आगाऊ वसूल केलेला कर, आयकराच्या विवरणपत्रात वळता होतो किंवा परत मिळतो. त्याला खर्च समजू नये, मात्र तेवढी रक्कम काही महिने अडकते.

डाँग किंवा इंडोनेशियाचा रुपिया यांसारखी चलने आपल्या गावी चांगल्या दराने मिळत नाहीत. त्यांऐवजी शंभर डॉलरच्या कोऱ्या, न दुमडलेल्या नोटा न्याव्यात आणि तेथील बँकेत किंवा परवानाधारक केंद्रात बदलाव्यात. लहान किंवा मळक्या नोटांना अनेक ठिकाणी कमी दर मिळतो. विमानतळावर टॅक्सीपुरतेच पैसे बदलावेत. क्रेडिट कार्डावर साधारण दोन ते साडेतीन टक्के मार्कअप (परकी चलनातील व्यवहारावर बँकेचे जादा शुल्क) आणि त्यावर जीएसटी लागतो, तो आपापल्या बँकेकडे आधी विचारून घ्यावा. थायलंडमधील एटीएम परदेशी कार्डावर प्रत्येक वेळी 220 बाट किंवा त्याहून अधिक शुल्क घेतात, म्हणजे सहाशेहून अधिक रुपये. तेथे थोडे थोडे पैसे काढण्याची सवय महागात पडते.

दुकानातील कार्डाचे यंत्र ‘रुपयांत घेऊ की स्थानिक चलनात’ असे विचारते, तेव्हा रुपये ओळखीचे म्हणून बोट तिकडे वळते. तेथे स्थानिक चलनच निवडावे, कारण रुपये निवडले की दर लावण्याचा अधिकार समोरच्या यंत्राकडे जातो आणि तो दर आपल्या बँकेच्या दराहून बहुधा बराच वाईट असतो. काही विक्रेते न विचारताच रुपये निवडून यंत्र पुढे करतात. पावतीवर भारतीय रुपये दिसल्यास व्यवहार रद्द करून पुन्हा करायला सांगण्याचा तुम्हांला पूर्ण हक्क आहे. परतताना उरलेली नाणी आपल्याकडे कोणी बदलून देत नाही, ती विमानतळावरच्या चहा-कॉफीत संपवावीत.