'कोलॅबोरेशन नॉट लिटिगेशन' (म्हणजे 'कोर्टकचेरी नको, सहकार्य करू') ही बिअर चवीला खरंच चांगली आहे, की नुसतं नावाचंच कौतुक?

चांगली आहे. आणि नावाचं कौतुक 'नुसतं' नाही, म्हणून लिहायला बसलो.

कोलोरॅडोतल्या बोल्डरची एव्हरी आणि कॅलिफोर्नियातल्या सांता रोझाची रशियन रिव्हर, या दोन्ही ब्रुअरींकडे 'सॅल्व्हेशन' नावाची बेल्जियन धाटणीची बिअर होती. एव्हरीची सोनेरी, रशियन रिव्हरची गडद. कोर्टात जायला एवढं पुरतं. पण एव्हरीचे अ‍ॅडम एव्हरी आणि रशियन रिव्हरचे विनी सिलुर्झो यांनी २००४ साली भेटून दोन्ही बिअर एकमेकींत मिसळून चाखल्या. त्या मिश्रणाला 'कोलॅबोरेशन नॉट लिटिगेशन' हे नाव विनीच्या बायकोनं, नॅटलीनं सुचवलं. २००६ च्या डिसेंबरात ती बाजारात आली.

मी ती डेन्व्हरला ताईच्या घरी प्यायलो. समोर दाजी होते. दाजी वकील आहेत.

त्याच्या दोन वर्षं आधीची गोष्ट. मी आणि माझा एक मित्र गॅरेजमध्ये बिअर बनवायचो. आमच्या काळ्या स्टाउटचं नाव 'काजळी'. ते त्याला सुचलं होतं, रेसिपी बहुतेक माझी. पुढे तो दुसऱ्या गावी गेला आणि त्यानं एका स्पर्धेत एकट्याच्या नावावर 'काजळी' उतरवली. मला फार लागलं ते. दाजी म्हणाले, "आज गप्प बसलास तर नाव गेलं समज." त्यांनी 'हे नाव वापरू नकोस' अशा पत्राचा मसुदा करून दिला, मी सही करून पाठवला. मित्राचं एका ओळीचं उत्तर आलं: "नाव तुझं." त्यानंतर आम्ही बोललेलो नाही.

तर त्या संध्याकाळी ती बाटली उघडली. रंग तांबूस तपकिरी, फेस दाट. आधी लवंग आणि काळ्या मनुकांचा वास, मग जळक्या साखरेचा गोडवा. तो जड होणार असं वाटतं, तेवढ्यात मिरीसारखी तिखट चुणूक येते आणि शेवट कोरडा होतो. तो कोरडेपणा सोनेरी बिअरचा आणि मनुका गडद बिअरच्या, असं माझं ठाम मत आहे. एकटी गडद असती तर अर्ध्या ग्लासात कंटाळलो असतो. दाजी म्हणाले, "मस्त आहे, पण धंदा असा होत नाही." मी उठून आत गेलो.

फ्रीजमधून काढल्या काढल्या पिऊ नका, वीसेक मिनिटं बाहेर ठेवा. फार गार असली तर वास आणि चव दबून जातात. पोटाशी रुंद, तोंडाशी निमुळता ग्लास घ्या. बाटली दोघांत घ्या, मद्यार्क ९ टक्क्यांच्या आसपास असतो. आयपीए नावाच्या बिअरचा कडूपणा हवा असेल तर ही तुमची बिअर नाही.

दाजींची बाजूही सांगतो. ट्रेडमार्क राखला नाही तर तो दुबळा होतो, हे खरं आहे. अमेरिकेत बिअरच्या लेबलला केंद्र सरकारची मंजुरी मिळाली म्हणून ते नाव तुमचं होत नाही. दोघांची बिअर एकाच फळीवर विकायला असेल आणि गिऱ्हाईक फसत असेल, तर वकील गाठावाच.

पण दाजी, आमची 'काजळी' विकायला नव्हतीच. अमेरिकेत घरी बनवलेली बिअर विकता येत नाही, आणि नाव व्यापारात वापरल्याशिवाय ट्रेडमार्कचा हक्क येत नाही. हे तुम्हाला तेव्हाही माहीत होतं. त्या पत्राला कायद्याचा काडीचा आधार नव्हता, आणि मला तुम्ही ते सांगायला हवं होतं. सही माझी होती, ते मी नाकारत नाही. 'काजळी' नाव मी त्यानंतर एकाही बाटलीवर लिहिलेलं नाही.