नागपुरात कॅम्पर व्हॅन हिवाळाभर उभी ठेवायची आहे. पाइपांत अँटिफ्रीझ टाकावं लागतं का?

तुम्ही डिसेंबर ते मार्च मुलीकडे जाणार, ट्रॅव्हलर मिनीबसची करून घेतलेली कॅम्पर सोसायटीच्या आवारात उभी राहणार, आणि अमेरिकेतल्या व्हिडिओत नळातून गुलाबी पाणी काढताना पाहून तुमची झोप उडाली. असंच ना?

ते गुलाबी पाणी म्हणजेच अँटिफ्रीझ, थंडीत न गोठणारं. ते विकत आणू नका. पाणी गोठलं की साधारण ९ टक्के फुगतं आणि पाइप फुटतो, म्हणून तिकडे तो खटाटोप. आपल्याकडे थंडीचा कहर झाला तरी पारा शून्याच्या वरच राहतो. लडाखला गाडी ठेवणार असाल तर गोष्ट वेगळी. फक्त 'कूलंटच तर आहे' म्हणून रेडिएटरचं कूलंट पिण्याच्या पाइपांत कधी ओतू नका, ते बहुतेक वेळा इथिलीन ग्लायकॉलचं असतं आणि ते विष आहे. गुलाबीवालं प्रोपिलीन ग्लायकॉलचं असतं.

टाकी मात्र रिकामी करा. गीझर आणि सांडपाण्याची टाकीसुद्धा. नळ उघडेच ठेवा. साचलेलं पाणी तीन महिन्यांनी नाल्यासारखा वास मारतं.

आपला खरा शत्रू उंदीर. पहिल्या वर्षी मी सगळं व्यवस्थित आवरलं, फक्त सीटखालच्या खणात तूरडाळीचं अर्धं पाकीट राहिलं. मार्चमध्ये दार उघडलं तर खणापासून सोफ्यापर्यंत डाळीची रांग, सोफ्याच्या स्पंजचं छान घरटं, आणि त्यात अंथरायला पाण्याच्या पंपाच्या लाल वायरची सोलपटं. म्हणजे स्वयंपाकघरही त्यांचं आणि बेडरूमही! तेव्हापासून दाणाच काय, साबणाची वडीही आत ठेवत नाही. खालून वायर-पाइप जिथून आत येतात त्या फटी मी स्टीलच्या घासणीनं बुजवतो. लोक बॉनेटमध्ये तंबाखूची पानं बांधतात, मीही बांधली होती. आमच्या उंदरांना फरक पडला नाही.

त्याच वर्षी दुसरी चूक, हँडब्रेक ओढून गेलो होतो. मध्ये अवकाळी पाऊस झाला. परत आल्यावर पहिला गिअर टाकला, क्लच सोडला, तर गाडी मागून बसल्यासारखी झाली आणि जागची हलेना. मागच्या ब्रेकचे लायनर ड्रमला चिकटलेले. मेकॅनिकनं ड्रम ठोकून ठोकून सोडवले. आता गाडी सपाटीवर, गिअरमध्ये, चाकांना पुढून-मागून लाकडी गुटके, हँडब्रेक सोडलेला. टायरात हवा नेहमीपेक्षा थोडी जास्त. डिझेलची टाकी फुल्ल, रिकाम्या जागेत दव धरतं.

बॅटरी पूर्ण चार्ज करून (साध्या १२ व्होल्टवाल्या लेड-ॲसिडला १२.६ च्या आसपास दिसायला हवं) तिची निगेटिव्ह वायर काढून ठेवा. सोलर असेल तर आधी पॅनेलची वायर, मग बॅटरीची. उलटं केलं तर सोलरचा चार्ज कंट्रोलर जायची भीती. आतल्या दिवे-पंपासाठीची वेगळी बॅटरी लिथियमची असेल तर ती फुल्ल नको, अर्ध्याच्या आसपास बरी. फ्रिज कोरडा पुसून त्याचं दार गुटका लावून उघडं. सिलिंडर गाडीत ठेवूच नका.

छतावरच्या खिडकीचं झाकण प्लास्टिकचं असेल तर त्यावर जुनी सतरंजी घालून वरून ताडपत्री बांधा. जानेवारी-फेब्रुवारीत आपल्याकडे गारपीट कधी येईल, काही नेम नाही. संत्रावाल्यांना विचारा.

खरं तर थंडी म्हणजे आपले गाडी काढायचे दिवस, पेंच-ताडोबाचे. माझी कॅम्पर मी आता पावसाळ्यात बंद ठेवतो. पण तुमचा इलाज नाही. किल्ली देण्यासारखा पुतण्या-भाचा असेल तर बॅटरी काढायची उठाठेव वाचेल. मात्र त्याला रोज पाच मिनिटं जागेवर इंजिन घुरघुरवायला सांगू नका, त्यानं बॅटरी चार्ज होत नाही. पंधरा दिवसांनी एकदा वर्धा रोडनं बुटीबोरीपर्यंत नेऊन आणू दे. डिझेलचे पैसे आधीच देऊन ठेवा, नाहीतर पोरगा दुसऱ्या खेपेला उगवत नाही.