ठिपके आणि रेघा

प्रिय बाळ,
अनेक आशीर्वाद.

कासवांच्या प्रवासाचा, उपग्रहाने टिपलेल्या ठिपक्यांचा तुझा नकाशा मिळाला. रेघा सुरेख आल्यात, पण खालचं 'या पट्ट्यात वर्षभर मासेमारीबंदी' हे वाक्य आधी खोड.

असाच नकाशा घेऊन मी एकदा बंदरावर बैठकीला गेलो होतो. एका म्हाताऱ्या तांडेलाने, म्हणजे होडीच्या म्होरक्याने, चष्मा चढवून तो उलटसुलट पाहिला आणि विचारलं, "साहेब, कासव इथं होतं कधी? नि किती वाव पाण्यात?" वाव म्हणजे पाण्याची खोली मोजायचं माप, साधारण सहा फूट. माझ्याकडे महिना होता, खोली नव्हती. चहा मात्र मिळाला.

२०२२ मध्ये कोकणात वेळास, आंजर्ले, गुहागरला ऑलिव्ह रिडले जातीच्या पाच कासवमाद्यांवर उपग्रहाला संदेश धाडणारे ट्रान्समीटर बसले. अंडी घालून परतणारी मादी अडवायची, पाठीवरचं शेवाळ खरवडायचं, कवच कोरडं करून यंत्र चिकटवायचं. तोवर ती वाळू उडवत राहते, निम्मी आपल्या डोळ्यांत. पण पुळणीवर येते ती मादीच. नर पाण्यातच राहतो, म्हणून तो तुझ्या नकाशात नाही. शिवाय कासव श्वासाला वर आलं तरच संदेश जातो, आणि काही ठिपके किलोमीटरांनी चुकतात. मधली रेघ तू ओढलीस. कासव तिच्यावरूनच पोहलं असं नाही.

तरी ठिपक्यांची किंमत मोठी. २०२३ मध्ये गुहागरला ट्रान्समीटर लावलेली बागेश्री नावाची मादी श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात गेली. उलट, २०२१ मध्ये ओडिशात बिल्ला लावलेली मादी २०२५ मध्ये गुहागरला अंडी घालून गेली. पूर्वेची कासवं वेगळी, पश्चिमेची वेगळी, असं धरून नियोजन करणं आता कठीण आहे.

म्हणून ठिपके आधी किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांच्या आत-बाहेर वेगळे कर. आतली मासेमारी राज्याच्या हाती, पलीकडची केंद्राच्या. अर्ज कुणाच्या दारात न्यायचा ते त्यावर ठरेल. मग महिने लाव. आपली पावसाळी बंदी १ जून ते ३१ जुलै, ती माशांच्या विणीसाठी. कासवं अंडी घालतात नोव्हेंबर ते मार्च, मासेमारीच्या ऐन हंगामात. तेव्हा वर्षभराची बंदी मागशील तर कुणी दारात उभं करणार नाही. वेळाससमोरचे काही आठवडे, किनाऱ्यालगतचा पट्टा, एवढंच माग. जाळं कापून कासव सोडणाऱ्याला २५,००० रुपयांपर्यंत भरपाई मिळते, तेही बैठकीत सांग. बऱ्याच खलाशांना ठाऊक नसतं.

नवा नकाशा काढण्याआधी हर्णै बंदरात मासळीच्या लिलावाच्या वेळी जा. फाइल घरी ठेव, वही ने, आणि कोणती होडी किती वावात जाळं टाकते ते महिन्यावार लिहून आण.

तुझा,
काका