सई, तुझ्या त्या प्रश्नाबद्दल

सई बाळा,

परवा तू फोनवर विचारलंस आणि मी "नंतर बोलू" म्हणून फोन ठेवला, म्हणून आता लिहिते. तुझ्या हिस्टरी प्रोजेक्टसाठी तू अमेरिकेच्या दक्षिणेतल्या अलाबामातले १९५० च्या आसपासचे पेपर वाचतेयस, त्यात गोऱ्या बाईच्या नावाआधी मिस नाहीतर मिसेस आणि काळ्या बाईचं नुसतंच नाव, आणि तू म्हणालीस, 'आई, वाईला माई आपल्याकडे कामाला असलेल्या धोंडीबाला "अरे धोंड्या" म्हणते ते पण हेच ना? मला तर तू अहो-जाहोवरून किती ओरडायचीस.' लागलं ग मला ते.

आधी पेपरचं सांगते. ते मिसेस चुकून राहून जात नव्हतं, दक्षिणेतल्या बहुतेक गोऱ्या मालकांच्या पेपरांची ती रीतच होती. काळ्या माणसाला मिस्टर म्हणायला लागू नये म्हणून डॉक्टर, रेव्हरंड, प्रोफेसर असलं काहीतरी लावायचे, बायकांना तेवढंही सहसा मिळायचं नाही. मिसिसिपीत ग्रीनव्हिलच्या हॉडिंग कार्टर या गोऱ्या संपादकाने काळ्या बायकांच्या नावाआधी मिसेस छापायला घेतलं तर तेही लोकांना खुपलं. एवढ्याशा शब्दासाठी! शिकागो डिफेंडर हा काळ्या लोकांचा स्वतःचा पेपर, त्यात मात्र मिसेस असायचंच, त्याच आठवड्याचा तो अंक मिळाला तर शेजारी ठेवून बघ, प्रोजेक्टला उपयोग होईल.

आणि मेरी हॅमिल्टन या काळ्या कार्यकर्तीची केस नक्की घे. १९६३, अलाबामातलं गॅड्सडेन, कोर्टात सरकारी वकील तिला नुसतं मेरी म्हणाला, तिने उत्तरच दिलं नाही, मिस हॅमिल्टन म्हणा म्हणाली, तर ५ दिवस कैद आणि ५० डॉलर दंड. १९६४ मध्ये सुप्रीम कोर्टाने ती शिक्षा रद्द केली. मार्टिन ल्यूथर किंगनी बर्मिंगहॅमच्या तुरुंगातून पत्र लिहिलं तेही १९६३ चंच, त्यात अपमानांची मोठी यादी आहे आणि आमच्या बायकोला, आईला कधी मिसेस म्हणत नाहीत हेही त्यात आहे. मी ते इथे आल्यावर वाचलं आणि तेव्हा मला वाईचं घर आठवलं नव्हतं. तुला आठवलं.

धोंडीबा आप्पांपेक्षा वयाने मोठा. मला खांद्यावर बसवून ढोल्या गणपतीच्या घाटावर न्यायचा, पावसात शाळेत सोडायला यायचा तर पोत्याची खोळ माझ्या डोक्यावर आणि स्वतः भिजायचा. मी एवढीशी, मीही वरून "ए धोंड्या, पळ ना" म्हणायचे आणि तो मला ताईसाहेब म्हणायचा. कुणाला काही वाटायचं नाही, म्हणजे आम्हाला वाटायचं नाही. बघ, आत्ता तुला लिहितानाही "तो"च येतंय हाताला.

तू म्हणशील आई बचाव करतेय, तर थोडा करते. आपल्याकडे तू म्हणणं म्हणजे कमी लेखणंच असं नाही ग, मी माईला अगंच म्हणते, देवालाही तूच म्हणतो आपण. धोंडीबा तापाने पडला तेव्हा माई रोज त्याच्या घरी पेज पाठवायची, त्याच्या मुलाची फी आप्पांनी भरली, ते प्रेम खोटं नव्हतं. पण मी माईला अगं म्हटलं तर तीही मला अगं म्हणते, धोंडीबाने तिला कधी म्हटलं असतं का? त्याचा कप पडवीतल्या कोनाड्यात वेगळा ठेवलेला असायचा, तो स्वतः विसळून परत तिथेच ठेवायचा, आणि पेजेने हे पुसलं जातं का ते मला खरंच माहीत नाही. त्याची बायको सुगीला यायची, तिला सगळे "धोंड्याची" म्हणायचे. तिचं नाव मला अजून माहीत नाही.

अमेरिकेतल्या पेपरात निदान ते छापलेलं सापडतं, तुला बोट ठेवून दाखवता येतं. आमचं कुठे लिहिलेलंच नाही.

तू अमुकच म्हण असं मी सांगत नाहीये. पण मेमध्ये गेलीस की त्यांना धोंडीबामामा म्हणावंसं वाटलं तर म्हण, अहो म्हण. माईला मात्र त्यावरून काही बोलू नकोस, तिचं वय झालंय, तिच्याशी मी बोलते. आणि मामींचं नाव विचारून घे, मलाही कळव.

आई